पणजोबांचा शेफील्डचा वस्तरा: ओळख कशी पटवावी आणि पुन्हा धारेवर कसा आणावा?

नमस्कार. साताऱ्याच्या घराचा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत, तेल वाळून पापडासारख्या कडक झालेल्या फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा सापडला. तो माझ्या पणजोबांचा आहे. ते १९३९ साली वारले. न्हाव्याची वाट न पाहता रोज सकाळी ओसरीवर बसून स्वतःच दाढी करणारे आमच्या आळीतले ते एकटेच होते, असे आजी सांगत असे. पणजोबांच्या हाताखालची दुसरी कोणतीही वस्तू घरात उरलेली नाही. म्हणून घाई न करता, जाणकारांना विचारूनच पुढे जायचे ठरवले आहे.

वस्तऱ्याची स्थिती अशी आहे. पात्याची रुंदी मध्यभागी १४.२ मिलिमीटर भरते. टाचेकडे, म्हणजे मुठीकडच्या बाजूला, ती थोडी जास्त आणि टोकाकडे थोडी कमी आहे. पाठीची जाडी ३.६ मिलिमीटर असून दगडावर वर्षानुवर्षे घासल्यामुळे पाठीच्या दोन्ही कडांना सपाट, चकचकीत पट्टे पडले आहेत. पात्याच्या दोन्ही बाजू आतून खोलगट आहेत, पण फार नव्हेत. टोक गोल आहे, शेपटी लांब आणि वळलेली आहे. मुठीच्या पट्ट्या काळ्या असून एकीला कडेजवळ किड्याने खाल्ल्यासारखी खाच आहे. पात्यावर तांबूस गंजाचा थर आहे आणि मधूनमधून काळे डाग आहेत.

मानेवरची, म्हणजे पाते आणि मूठ यांच्यामधल्या भागावरची, अक्षरे जवळजवळ पुसली गेली आहेत. सरळ उजेडात काहीच दिसत नव्हते. रात्री दिवे मालवून मोबाइलची विजेरी पात्याच्या पातळीत, अगदी आडवी धरली आणि ती हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली, तेव्हा अक्षरांच्या कडांना सावली पडू लागली. मग पतंगाचा पातळ कागद ठेवून मऊ शिसाने अलगद घासले. एवढे उमटले: पहिल्या ओळीत ‘…फ रॉजर्स अँड स…’, दुसऱ्या ओळीत ‘…र्स टु हर मॅ…’, तिसऱ्या ओळीत सहाचा आकडा आणि ‘नॉरफ…’, आणि शेवटी ‘शेफील्ड’, म्हणजे इंग्लंडमधले पोलादी पात्यांचे शहर. ही अक्षरे अर्थात इंग्रजीत आहेत.

माझे प्रश्न तीन आहेत. हा वस्तरा साधारण कोणत्या काळातला असावा? तो पुन्हा दाढीसाठी वापरता येईल का? आणि साफसफाई कुठे थांबवावी? तिसरा प्रश्न विचारण्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी बाजारातून घेतलेला एक जुना वस्तरा मी धार लावणाऱ्याकडे दिला होता. त्याने तो विजेच्या चाकावर धरला. पाच मिनिटांत पाते आरशासारखे झाले, पण धारेला निळसर झाक आली आणि मानेवरचे नाव कायमचे गेले. ती चूक या वस्तऱ्याच्या बाबतीत मला करायची नाही.

प्रतिसाद १

आपण वाचलेली अक्षरे पुरेशी आहेत. हे शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स यांचे काम आहे आणि ‘६, नॉरफक स्ट्रीट’ हा त्यांच्याच कारखान्याचा पत्ता. दुसरी ओळ ‘कटलर्स टु हर मॅजेस्टी’ (राणीसाहेबांचे पातेकार) अशी असणार आणि काळ ठरवण्यासाठी तीच सर्वांत मोलाची आहे. ‘हर’ म्हणजे गादीवर राणी होती. व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१. त्याआधी चौथा विल्यम आणि त्यानंतर सातवा एडवर्ड, म्हणजे दोन्हीकडे ‘हिज मॅजेस्टी’. त्यापुढची गादीवरची राणी थेट १९५२ साली आली आणि आपले पणजोबा १९३९ सालीच गेले. त्यामुळे तो पर्याय आपोआप बाद होतो.

आता वरची मर्यादा आणखी खाली आणता येईल असे मला वाटते. अमेरिकेत १८९० साली मॅकिन्ली जकात कायदा झाला आणि आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. तेव्हापासून शेफील्डच्या मालावर ‘इंग्लंड’ हा शब्द येऊ लागला. आपल्या वस्तऱ्यावर तो दिसत नाही, म्हणजे तो १८९० पूर्वीचा धरायला हरकत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील पहिला परिच्छेद मला पूर्ण मान्य आहे, दुसरा मात्र नाही. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर वस्तू बहुधा १८९० नंतरची, हे ठीक आहे. पण तो शब्द नसेल तर ती आधीचीच, असे उलटे विधान करता येत नाही. तो कायदा अमेरिकेत जाणाऱ्या मालाला लागू होता. मुंबईच्या बंदरात उतरणाऱ्या मालाला त्याची सक्ती नव्हती. शिवाय आपल्या वस्तऱ्यावरची अक्षरे बरीच झिजलेली आहेत. ‘शेफील्ड’नंतर काही होते आणि ते गेले, की मुळातच नव्हते, हे कागदावरच्या शिसाने ठरणार नाही.

त्यापेक्षा पात्याच्या घडणीकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले शेफील्डचे वस्तरे पाचरीसारखे, पाठीकडे जाड आणि धारेपर्यंत जवळजवळ सरळ उतरणारे असत. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना तर शेपटी नसे किंवा अगदी आखूड खुंट असे. दोन्ही बाजू आतून खोलगट घासण्याची पद्धत शतकाच्या उत्तरार्धात रुळली आणि तिला जर्मनीतल्या सोलिंगनच्या कारागिरांनी कळस चढवला. आपला वस्तरा मध्यम खोलगट आहे आणि शेपटी लांब आहे. त्यामुळे १८७० ते १९०१ ही मुदत मला सुरक्षित वाटते. त्याहून बारीक सांगण्याचा मोह टाळलेला बरा.

एक गोष्ट अजून तपासावी. रॉजर्स यांच्या नावाची नक्कल त्या काळात भरपूर होत असे. शेफील्डचे नाव घालून खपणाऱ्या परदेशी मालाचा बंदोबस्त करण्यासाठी ब्रिटनमध्ये १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा करावा लागला. रॉजर्स यांची खूण म्हणजे एक तारा आणि त्याच्या शेजारी माल्टाचा क्रूस. मानेच्या दुसऱ्या बाजूला किंवा पात्याच्या मुळाशी ती शोधावी.

धागालेखक

मानेच्या मागच्या बाजूला कागद लावून घासले तेव्हा काहीच आले नाही. मग पुढच्याच बाजूला, अक्षरांच्या वर जिथे काळा डाग होता, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब रात्रभर ठेवला. सकाळी मऊ सुती कापडाने पुसल्यावर डाग फिका झाला आणि तिरक्या उजेडात सहा टोकांचा तारा स्पष्ट दिसला. त्याच्या उजवीकडे रुंद टोकांच्या क्रूसाच्या दोन भुजा आहेत, उरलेल्या दोन झिजल्या आहेत. घरातल्या सर्वांना बोलावून विजेरीखाली दाखवले. वडील बराच वेळ भिंग डोळ्यावरून काढेनात.

प्रतिसाद ३

अभिनंदन. आता मुठीविषयी. काळ्या पट्ट्या म्हणजे प्लॅस्टिक असा समज अनेकांचा होतो. किड्याने खाल्ल्यासारखी खाच असेल तर ते जवळजवळ नक्कीच शिंग आहे, कारण शिंग हे नखासारखेच केराटिन असते आणि कसर त्यावर जगते. उजेडासमोर धरल्यास पातळ कडेशी तपकिरी किंवा हिरवट झाक आणि लांबट रेषा दिसतात. हाडाच्या मुठीत सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. कोणाकडे तसा वस्तरा निघाला तर भारतात हस्तिदंताची आणि कासवाच्या कवचाची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, हे ध्यानात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या, मुठीही येऊ लागल्या आणि त्यांच्याबाबत इशारा देणे मला आवश्यक वाटते. मूठ ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचून पाहण्याचा जो सल्ला दिला जातो, तो सेल्युलॉइडच्या बाबतीत धोक्याचा आहे, कारण ते भडकन पेट घेते. त्याऐवजी अंगठ्याने जोरात घासून वास घ्यावा. सेल्युलॉइडला कापराचा वास येतो. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मुठीत मिटून ठेवलेले पाते आतून गंजते. तसे दिसल्यास पाते ताबडतोब वेगळे करावे.

आपल्या शिंगाच्या पट्ट्या कोरड्या झाल्या असतील. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, एक दिवसाने कोरड्या कापडाने पुसून टाकावा, आणि असे तीनचार वेळा करावे. खाच भरण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रतिसाद ४

मी पुण्यात धातुशास्त्राशी संबंधित काम करतो, म्हणून गंज आणि उष्णता या दोनच मुद्द्यांवर लिहितो. तांबूस गंज जिवंत असतो, तो ओलावा धरून ठेवतो आणि खाली खात जातो. तो काढलाच पाहिजे. काळा, चिकटून बसलेला थर मात्र बराच स्थिर असतो आणि खालच्या पोलादाला थोडेफार झाकतो. तो खरवडून काढल्याने पाते अधिक टिकते असे मुळीच नाही. आधी पाते तेलात एक-दोन दिवस भिजू द्यावे, मग अतिशय बारीक स्टील वूल तेलासह वापरावे. जिथे गरज असेल तिथेच १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर वापरावा आणि मानेवरच्या अक्षरांना कागद अजिबात लावू नये. पाते सपाट लाकडावर टेकवून, हात नेहमी पाठीकडून धारेच्या बाहेर किंवा धारेला समांतर न्यावा. धारेवरून पाठीकडे कधीही नेऊ नये, कापड धारेत अडकते आणि बोट जाते. व्हिनेगर, लिंबू वगैरे आम्ले या कामाला आणू नयेत. गंजाबरोबर ती चांगले पोलादही खातात आणि पाते निस्तेज करड्या रंगाचे होते.

आपला पहिला वस्तरा का बिघडला, तेही सांगतो. वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, ते साधारण दोनशे ते सव्वादोनशे अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. धार इतकी पातळ असते की चाकावर एकदोन सेकंदांतच तिचे तापमान त्याच्या वर जाते. तीनशे अंशांच्या आसपास निळा रंग येतो. तो रंग म्हणजे पाणी उतरल्याची खूण. निळेपणा घासून काढता येतो, उतरलेले पाणी परत येत नाही. त्या भागाला लावलेली धार एका दाढीतच बोथट होते.

प्रतिसाद ५

थोडे बाजूचे, पण विषयाला धरून विचारतो. माझ्याकडच्या शेफील्डच्या वस्तऱ्यावर ‘सिल्व्हर स्टील’ असे कोरले आहे. त्यात खरोखर चांदी आहे का?

प्रतिसाद २ चे लेखक

नाही, निदान मोजण्यासारखी नाही. पण त्या नावामागची हकीकत मराठी वाचकाला ठाऊक असावी अशी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्या ‘वूट्झ’ पोलादावर रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेपुढे निबंध सादर केला. निबंधाच्या मथळ्यात ते मुंबईत तयार होते असे लिहिले आहे, प्रत्यक्षात अशा पोलादाच्या भट्ट्या दक्षिणेत होत्या. ते पोलाद हाताळणाऱ्यांपैकी जेम्स स्टोडार्ट हे लंडनचे पातेकार होते. पुढे १८२० च्या सुमारास त्यांनी मायकेल फॅरडे यांच्यासह, वूट्झचे रहस्य शोधता शोधता, पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. त्यात चांदीही होती. प्रयोग गाजले आणि शेफील्डच्या कारखान्यांनी नाव उचलले. आपल्या पात्यावरचे ते कोरीव काम सोनेरी मुलाम्याचे असेल तर त्याला धातूचे पॉलिश लावू नये, मुलामा दोन हातांत निघून जातो.

प्रतिसाद ६

मी कोल्हापूरचा, नाभिक कुटुंबातला. आजोबांच्या धोकटीत तीन वस्तरे, नराणी (नखे काढायचे हत्यार), कात्री, वाटी आणि दगड असे. आता दुकानात रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या काळजीने प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लावतो आणि तेच योग्य आहे. त्यामुळे आमचे जुने वस्तरे खणात पडून आहेत, पण वर्षातून दोनदा मी ते काढून पुसतो. आजोबांकडून जे पाहिले ते सांगतो.

गंज काढायला बसण्याआधी धार नखावर पाहावी. डाव्या अंगठ्याचे नख ओले करून त्यावर धार टेकवायची आणि वजन न देता टाचेपासून टोकापर्यंत सरकवायची. खोलगट पाते नखावर किंचित लवते आणि लवताना चीर असेल तर ती उघडते, मग भिंगातून ती केसासारखी दिसते. आजोबा पाते टिचकी मारून कानाजवळही धरत. अखंड पाते खणखणते, चिरलेले बद्द वाजते. दुसरे, धारेवर गंजाचे खड्डे पोहोचले आहेत का ते पाहावे. पात्याच्या पोटातले खड्डे दाढीला आड येत नाहीत. धारेवरचा खड्डा मात्र दगडावर झिजून संपेपर्यंत धार तिथे तुटत राहते.

वस्तरा दगडावर नेहमी पाठ आणि धार दोन्ही टेकवून चालवायचा. पाठ हाच त्याचा मापाडी आहे. दगडावर धार पुढे जाते, धार गुळगुळीत करायच्या कापडी-चामडी पट्ट्यावर पाठ पुढे जाते. पट्ट्याच्या टोकाला वस्तरा पाठीवर पालथा करायचा, धारेवर पालथा केला की पट्टाही जातो आणि धारही. आजोबा कापडावर वीस आणि चामड्यावर पन्नास हात मारत आणि तेव्हा कोणी बोललेले त्यांना चालत नसे.

धागालेखक

आपण सांगितल्याप्रमाणे नखावर पाहिले आणि फार बरे झाले. टोकापासून दीड मिलिमीटरवर धारेत केसाएवढी चीर आहे. नख सरकवताना एका जागी अगदी हलकी ‘टिक’ जाणवली, भिंगाखाली ती आडवी उभी राहिली. लांबी एक मिलिमीटरच्या आत असावी. याचा अर्थ वस्तरा आता केवळ जपून ठेवण्यापुरताच उरला का?

प्रतिसाद १ चे लेखक

मध्यभागी चीर असती तर मी होय म्हटले असते. वापरताना चीर वाढते आणि तुकडा गालात राहू शकतो. इथे ती टोकाजवळ आहे, त्यामुळे टोक घासून काढता येईल. पण अशा वस्तूला हात न लावता ती काचेत ठेवावी, असे माझे मत आहे. रॉजर्स यांचा व्हिक्टोरियाकालीन वस्तरा आहे, त्याचे टोक घासून आकार बदलणे म्हणजे दस्तऐवजाचा कोपरा कापणे.

प्रतिसाद ६ चे लेखक

माझे मत वेगळे आहे. या वस्तऱ्याचा आकार आधीच बदललेला आहे आणि तो आपल्या पणजोबांनी बदलला आहे. पाठीवरचे ते सपाट पट्टे, टोकाकडे कमी झालेली रुंदी, हे सगळे त्यांच्या हाताचे. हे पाते घडले तेव्हा १९ मिलिमीटर रुंद असेल, तर जवळजवळ पाच मिलिमीटर पोलाद त्यांनी दाढी करून आणि दगडावर घासून संपवले आहे. मानेवरची अक्षरे कारखान्याची, त्यांना हात लावू नये. धार मात्र वापरणाऱ्याची असते. टोक तीन मिलिमीटर मागे घेतल्यास चीर पूर्ण जाते आणि गोल टोक गोलच राहते. हे काम पाण्याखाली भिजवलेल्या भरड दगडावर हातानेच करावे. आमच्या घरात असे टोक घेतलेले दोन वस्तरे आहेत.

प्रतिसाद ४ चे लेखक

हाताने आणि पाण्यात केल्यास उष्णतेचा धोका नाही. एक हिशेब जोडतो. पाठीची जाडी ३.६ आणि रुंदी १४.२ धरल्यास धारेचा कोन साधारण १४.६ अंश येतो. वस्तऱ्यासाठी सोळा-सतरा अंश चांगले मानतात. त्याहून पातळ धार तीक्ष्ण होते, पण ताठ दाढीवर लवकर चुरते. पाठीवर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक थर लावल्यास दोन्ही बाजू मिळून सुमारे ०.३ मिलिमीटर जाडी वाढते आणि कोन १५.८ च्या आसपास जातो. पाठीची आणखी झीजही थांबते. पट्टी फाटली की बदलावी.

धागालेखक

दोन्ही मते घरात वाचून दाखवली. आईने एकच प्रश्न विचारला: पणजोबांना चीर दिसली असती तर त्यांनी काय केले असते? त्यानंतर वाद उरला नाही. ज्यांनी काचेत ठेवण्याचा सल्ला दिला, त्यांचाही मी आदर करतो. मान, अक्षरे आणि मूठ यांच्या बाबतीत तोच सल्ला पाळला आहे.

केलेले काम थोडक्यात लिहितो. पाते दोन दिवस तेलात ठेवले. तांबूस गंज स्टील वूलने निघाला, खाली पोटात सात-आठ बारीक खड्डे आहेत, धारेवर एकही नाही. काळे डाग ठेवले. टोक दगडावर पाण्यात चाळीस मिनिटे घासून तीन मिलिमीटर मागे घेतले, दर काही हातांनी नखावर पाहत राहिलो आणि ‘टिक’ थांबल्यावर आणखी थोडे घेतले. मग पाठीला पट्टी लावून १००० च्या दगडावर बसलो. धारेला काळ्या मार्करने रंगवले होते. पहिल्या दहा हातांत रंग टाचेकडून आणि मधून गेला, टोकाजवळ तसाच राहिला, तेव्हा कळले की तिथे धार दगडाला टेकतच नाही. तिरका हात धरून तो भाग टेकवायला दोन संध्याकाळी गेल्या. पुढे त्याहून बारीक ४००० आणि ८००० चे दगड, आणि शेवटी पट्टा.

मुठीचा खिळा सैल होता. तो न काढता, खाली लोखंडी ठोकळा ठेवून लहान हातोडीने चकतीभोवती हलके ठोके दिले, तेवढ्याने पाते मधोमध बसू लागले.

रविवारी पाते स्पिरिटने पुसून, गरम पाण्याने दाढी भिजवून फक्त गालांवर वस्तरा चालवला. हनुवटी आणि गळा अजून साध्या रेझरनेच करतो आहे, हात बसेपर्यंत तसेच करीन. डाव्या गालावर तो इतका शांतपणे उतरला की उजव्या गालाला मी जास्त दाबला आणि कानाजवळ एक ओरखडा आला.

प्रतिसाद ६ चे लेखक

दाबायचे नाही, त्याचे स्वतःचे वजन पुरते. आणि पावसाळ्यात एक लक्षात ठेवा: पाते कोरडे दिसले तरी खिळ्याच्या भोकात पाणी राहते. दाढी झाल्यावर सुती कापडाची वात करून मुठीच्या आतून फिरवा, खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडा आणि वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका.

धागालेखक

आजच वात करून फिरवली, ती तांबूस निघाली. तेल सोडले आहे. उद्या पुन्हा पाहतो.